एकाच रंगाचे दोघे

एकाच टीमच्या दोन माणसांच्या मधे भिंत घालतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातल्या ट्रेमध्ये चहा सांडला.

पेणजवळ गडब गावात हायवेच्या कडेला आमचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे राहायचं घर, दोन्हीच्या मधे एक पडदा. गॅरेज आमचे हे आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतात. रविवारी संध्याकाळी कामं आवरली की टायरांच्या रॅकवरचा टीव्ही लागतो आणि मोटरसायकलच्या शर्यती सुरू होतात. बघायला नागोठण्याच्या आणि रोह्याच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी मंडळी येतात. शेजारचे कोल्ड्रिंकवाले भाई तर हमखास असतात. ते पुष्कळ वर्षं कतारला होते आणि तिथे त्यांनी अशी शर्यत डोळ्यांनी बघितलेली आहे. त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा.

मी ट्रे घेऊन पडद्यापर्यंत जाते. पुढे माझी जाऊ नेते. मला चार माणसांत जाऊन उभं राहायला जमत नाही, बोलायला तर त्याहून नाही. पेणच्या बाजारात भाव जाऊच करते, दवाखान्यात माझं कुठे दुखतं ते जाऊच सांगते. डॉक्टर एकदा म्हणाले, "दुखतंय ह्यांना की तुम्हाला?" तर ही म्हणाली, "दुखतंय तिला, पन तोंड माझं हाय." लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून माझं बाहेरचं सगळं बोलणं तिच्या तोंडाने चालतं, आणि मला ते फार सोयीचं आहे.

तर त्या रविवारी पडद्याआडून मी ऐकत होते. टीव्हीवर दोन लाल मोटरसायकली पुढेमागे पळत होत्या. दोन्ही एका टीमच्या, लाल कपडे, लाल टोप्या. एक मोठा, खूप वेळा जिंकलेला. त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. दुसरा नवीन आलेला, त्याला पोरगा. म्हातारा किती वयाचा असेल म्हणून मी जावेला विचारलं, तर ती म्हणाली तिशी ओलांडलेला आहे. मला धक्काच बसला. आमच्या शेडमध्ये बसलेल्यांतला कोणीच तिशीच्या आतला नव्हता, आणि तेच सगळे त्याला म्हातारा म्हणत होते.

भाई सांगत होते, "दोघांच्या गॅरेजात मधे भिंत घातलीय. इकडचा मेकॅनिक तिकडे जात नाय. गाडीची सेटिंग एकमेकांना दाखवत नायत."

"टीम एकच ना पन?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"टीम एकच. मालक एक, रंग एक. वर्षाच्या शेवटी टायटल मात्र एकाला मिळनार. आनि दुनियेत सगळ्यात आधी कोनाला हरवायचं? जो बाजूला बसलाय त्याला. कारन गाडी दोघांची सारखी. बाकीच्यांकडून हरलास तर गाडी खराब म्हनून सांगशील, त्याच्याकडून हरलास तर काय सांगशील?"

शेडमध्ये सगळे हसले. मी मात्र पडद्यामागे सांडलेला चहा पुसत राहिले. मला ते काही केल्या पटेना.

त्याचं कारण सांगते. आमच्या घरात टीम म्हणजे कबड्डी. आमचे हे आणि दीर दोघंही गावच्या संघातून खेळलेले. ह्यांची चढाई, दिरांची पकड. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी बायकांच्या मागे उभी राहून सामने बघायची. कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो. मग त्याच्या संघातल्या कोणी समोरचा गडी मारला की बाहेर बसलेला पुन्हा आत येतो. त्याला आमच्याकडे जिवंत होणं म्हणतात. हे बाद होऊन बसले की दीर ओरडायचे, "दादा, उठून बस, आनतो तुला." आणि खरंच आणायचे. एक संघ म्हणजे काय, ते मला एवढंच माहीत. एकाच रंगाची बनियन घातलेला माणूस तुम्हाला जिवंत करतो. तो तुमच्याविरुद्ध भिंत घालत नाही.

पण त्या वर्षी त्या दोघांनी सगळ्यांना वेड लावलं होतं. टायटल ह्या दोघांतच राहिलं होतं, बाकीचे फार मागे. आमचे हे म्हाताऱ्याच्या बाजूचे आणि दीर पोराच्या. त्यावरून आठवडाभर चालायचं. पाना द्या म्हटलं की "म्हाताऱ्याकडून घे", हवा भरा म्हटलं की "पोराला सांग, त्याला लई घाई असते." जेवताना पण तेच. जाऊ म्हणायची, "आमच्या घरात दोन सवती नायत, पन दोन टीमा हायत." मी हसायची. ते दोघंही हसायचे.

मग एक गोष्ट हळूहळू बदलत गेली, ती मला आधी कळली नाही. नवीन गाड्या यायला लागल्या होत्या. त्यांना कार्बोरेटर नसतो. स्कॅनर लावून बघावं लागतं, आणि ते काम दीर पनवेलला जाऊन शिकून आले होते. आमच्या ह्यांचा हात कार्बोरेटरवर. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतील काय बिघडलंय. पण गिऱ्हाईक यायचं ते गाडी स्टँडवर लावता लावता विचारायचं, "धाकले हायत का?" हे समोर उभे असायचे. एखादा भला माणूस असेल तर म्हणायचा, "नाय, तुम्ही पन बघा ना." ते जास्त लागायचं.

ह्या गोष्टीबद्दल घरात कोणी एक शब्द काढला नव्हता. सगळे शब्द त्या लाल गाड्यांवर जात होते.

शेवटून दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी शेड भरली होती. टायरांवर माणसं बसलेली. म्हातारा पुढे, पोरगा त्याच्या मागे. भाई म्हणाले, "आता पोरगा दम धरनार नाय. म्हातारा पॉइंटात पुढे हाय, त्याला आज मागे राहून पन चालेल." तेवढ्यात एका वळणावर पोरगा आतून घुसला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. दोन लाल रंग एकात एक गेले आणि त्यांतला एक सुटून रेतीत गडगडत गेला. धूळ उडाली. पोरगा डगमगला, सावरला आणि निघून गेला.

शेडमध्ये एकदम आरडाओरडा.

"पाडला! घरच्याने घरच्याला पाडला!" आमचे हे उभे राहिले होते.

"पाडला नाय, घुसला. जागा होती," दीर म्हणाले.

"जागा नव्हती. त्याने दिली. म्हातारा बाजूला झाला म्हनून तो घुसला."

"मग द्यायची कशाला? शर्यतीत जागा देतात काय? वय झालं की सुटते ती."

"वय झालं काय?" हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "जागा मी दिली म्हनून तू इथे उभा हायस. माझ्या रॅम्पवर, माझ्या पान्यांनी शिकलास. आनि आता गिऱ्हाईक तुला विचारतं तेव्हा तू मान खाली घालून हसतोस. मला दिसत नाय काय?"

टीव्ही चालूच होता. बाकीचे लोक आधी टीव्हीकडे आणि मग आपल्या पायांकडे बघायला लागले. शर्यतीतून आपण कधी बाहेर पडलो ते कोणाला कळलं नव्हतं. दीर पांढरे पडले होते. मग ते म्हणाले,

"एवढं असेल तर घाल मधे भिंत. त्यांनी घातली तशी."

"घाल," हे म्हणाले.

मी आणि जाऊ पडद्याच्या आत उभ्या. तिने माझा हात धरला.

मला वाटलं होतं सकाळी दोघं विसरतील. सकाळी मी झाडू घेऊन शेडमध्ये गेले आणि दारातच थांबले. शेडच्या मधोमध, पुढच्या शटरपासून मागच्या पडद्यापर्यंत, पांढरी रेघ होती. फक्कीची. कबड्डीचं मैदान आखायला जी पांढरी पूड वापरतात ती. संघाची उरलेली फक्की आमच्याच माळ्यावर होती, दिरांनी रात्रीच काढून आखली होती. हात सराईत होता, रेघ अगदी सरळ आली होती. दुपारी टेम्पोतून भिंतीसाठी सिमेंटचे ब्लॉकही येऊन पडले.

मी ती मधली रेघ किती सामन्यांत बघितली होती. पण तिच्या पलीकडे नेहमी दुसरं गाव असायचं. ह्या वेळी पलीकडे आमचेच दीर उभे होते.

रॅम्प आणि हवेचा कॉम्प्रेसर रेघेच्या अलीकडे आला, स्कॅनर आणि टीव्ही पलीकडे. दोघं बोलायचे नाहीत. काही लागलं तर भाईंना हाक. भाई आपलं दुकान सोडून येऊन मधे उभे राहायचे, एक पाय इकडे, एक तिकडे.

"भाई, त्याला सांगा, हवा भरायची असेल तर विचारून घे."

"भाई, त्याला सांगा, मी पंपावर जाऊन भरीन."

"अरे, मी दोन्ही कानांनी ऐकतोय, तुम्ही पन ऐकता. मला मधे कशाला घेता?" भाई म्हणायचे. "कतारला अरबाने मला एवढं नाय पळवलं."

घरात आम्ही दोघी एकाच चुलीवर रांधत होतो, पण ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. गवंडी हमरापूरला अडकलेला, गणपतीच्या मूर्तींच्या कुठल्याशा कारखान्याची शेड बांधत होता. शेवटची शर्यत झाली की येतो म्हणाला. म्हणून भिंत थांबली होती. आणि एका दुपारी तांदूळ निवडताना जाऊ खाली बघूनच म्हणाली,

"बाय, ह्यांनी रोह्याला गाळा बघितलाय. भिंतीच्या पन भानगडीत नको म्हनतात. वर राहायला खोली हाय. आम्ही तिकडेच जाऊ."

मी सूप खाली ठेवलं. रोहा म्हणजे काय लांब नाही, सगळे जातात येतात. पण मला बसमध्ये कंडक्टरला गावाचं नाव सांगताना घाम फुटतो. मी तिच्याशिवाय बाजारात कशी जाणार, दवाखान्यात कशी जाणार, हे सगळं एकदम समोर आलं. पण ते नंतर. आधी दुसरंच मनात आलं. मी दिवसभरात जे काही बोलते ते हिच्याशीच बोलते. ही गेली तर मी बोलणार कोणाशी? हे तर गाड्यांचे आवाज ऐकणारे माणूस.

"तू नको म्हन ना त्यांना," मी म्हटलं.

"मी म्हटलं. मला म्हनाले, तू त्यांची टीम का माझी?"

"मग?"

"मग काय गो, मी काय सांगू? दोन्ही, म्हटलं. तर म्हनाले, तसं नसतं."

शेवटची शर्यत बघायला लोक आले खरे, पण रेघ बघून कुठे बसावं ते त्यांना कळेना. म्हाताऱ्याचे अलीकडे बसले, पोराचे पलीकडे. टीव्ही पलीकडे असल्यामुळे अलीकडच्यांना मान वाकडी करून बघावं लागत होतं. आमचे हे बघत नाही असं दाखवत एक कार्बोरेटर उघडून बसले होते. तो कार्बोरेटर सकाळीच साफ झालेला होता, मी बघितलं होतं.

भाईंनी हिशोब सांगितला. म्हातारा आज पोराच्या पुढे राहिला तर टायटल त्याचं. पोरगा पुढे राहिला तर पोराचं. एवढं सरळ.

मी चहा घेऊन पडद्यापाशी आले आणि तिथेच थांबले. जाऊ आत दुसरे कप भरत होती. शर्यत सुरू झाली. म्हातारा सुटला तो पुढेच. ह्यांच्या हातातला ब्रश थांबला. असं वाटलं, आता तो पोहोचतोच. आणि एका साध्या वळणावर, कोणी धक्का मारला नाही, कोणी जवळही नव्हतं, त्याची गाडी खालून निसटली. तो बसल्या बसल्या घसरत गेला आणि रेतीत थांबला. एकटाच.

दीर तोंडावर हात ठेवून बघत होते. म्हातारा उठला, गाडी उचलायला गेला, गाडी उचलेना. मग तो तिच्या बाजूला तसाच गुडघ्यावर बसला. आमच्या ह्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला आणि उठले. "संपलं," म्हणाले. ते शटरकडे निघाले. त्यांची पाठ बघून मला समजलं की हे टीव्हीतल्या माणसाबद्दल बोलत नाहीत. बाहेर निघाले तर येताना गवंड्यालाच घेऊन येतील.

मी काय केलं ते मला अजून खरं वाटत नाही. मी ट्रे घेऊन पडद्याच्या पुढे गेले. पाय रेघेवर पडला. आणि सगळ्या माणसांसमोर मी मोठ्याने विचारलं,

"पन मग आता पोराने कोनाला मारला की म्हातारा जिवंत होनार ना?"

माझा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला होता. भाई वळून बघायला लागले की कोण बोललं. शर्यत पुढे चाललीच होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मी थट्टा केली नव्हती. मला खरंच तसं वाटलं होतं. आठवडेच्या आठवडे बघून पण मी असंच समजत होते की पोरगा कोणाला मागे टाकील तेव्हा म्हातारा पुन्हा आत येईल. एक टीम आहे ना.

पहिल्यांदा माझ्या मागून जाऊ फुटली. दोन्ही हातांत कप आणि ही हसतेय. मग भाई, मग सगळे. टायरावरून एकजण खाली पडला. माझे कान तापले, मला पडद्यात परत जायचं होतं पण पाय हलेनात.

भाई डोळे पुसत म्हणाले, "नाय हो भाभी. ह्या खेळात कोन कोनाला जिवंत करत नाय. जो पडला तो पडला."

"मग टीम कशाला म्हनतात?" मी विचारलं. तोंड उघडलंच होतं तर आणखी एक बाहेर आलं.

ह्यावर कोणी हसलं नाही. आमचे हे शटरपाशी थांबले होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं, आणि ते कसे बघत होते ते मला सांगता येणार नाही. जणू कोणी अनोळखी बाई शेडमध्ये आली होती. मग त्यांनी दिरांकडे बघितलं. दीर रेघेकडे बघत होते, माझ्या पायाखाली ती पुसली गेली होती तिथे.

"वयनीला चहा तरी ठेवू दे खाली," दीर म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, पण भाईंना नाही. ते उठले, पुढे आले आणि माझ्या हातातला ट्रे घेतला. घेताना ते रेघेच्या अलीकडे आले होते.

"मधली रेघ ओलांडलीस," आमचे हे शटरपासून म्हणाले. "पकडू काय?"

"पकडून बघ. गुडघे ऱ्हायलेत काय तुझे?"

"तुला धरायला गुडघे कशाला लागतात?"

बस, एवढंच. मिठ्या नाहीत, रडणं नाही. हे परत येऊन बसले, आणि ह्या वेळी मान वाकडी न करता टीव्हीच्या समोर बसले, पलीकडे. पोरगा जिंकला. टीव्हीवर कागदाचे तुकडे उडत होते. सगळे वाट बघत होते की आता म्हातारा येईल, त्याच्या खांद्यावर हात ठेवील, निदान हात मिळवील. कॅमेरा त्याच्या मागे गेला. तो धुळीने माखलेल्या कपड्यांत आला, भिंतीच्या आपल्या बाजूला गेला आणि मागे न बघता दार लावून घेतलं.

दीर ज्याच्या बाजूचे तो पोरगा जिंकला होता, पण त्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही. बंद दाराकडे बघत बसले. "काय मानूस हाय," एवढंच कोणीतरी म्हणालं. आमच्या ह्यांनी आपल्याच माणसाबद्दल मान हलवली. "असं नको करायला पायजे होतं," ते म्हणाले.

गवंडी दोन दिवसांनी आला आणि ब्लॉक बघून विचारलं भिंत कुठे घालायची. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पावसाचं पाणी हायवेवरून आत येतं त्या बाजूला घाला म्हणाले. शेडच्या बाहेर.

रोह्याचा गाळा मात्र दिरांनी घेतला. ते मला आवडलं नव्हतं, पण हेच म्हणाले की घे, तिकडे नवीन गाड्या जास्त, इथे माझं बरं चाललंय. वरची खोली घेतली नाही. सकाळी डबा घेऊन मोटरसायकलने जातात, संध्याकाळी परत येतात. स्कॅनरचं काम आलं की हे गिऱ्हाईकाला सांगतात, "धाकल्याकडे रोह्याला जा," आणि तिकडे कोणाची जुनी गाडी आली की दीर इकडे पाठवतात. जाऊ इथेच आहे, आत्ता बाहेर भाजीवाल्याशी भांडतेय.

पुढच्या वर्षी म्हातारा दुसऱ्या टीममध्ये गेला, निळ्या कपड्यांत. पहिल्या रविवारी तो दिसला तेव्हा मला ओळखूच आला नाही. रंग असा बदलता येतो, हे मला माहीत नव्हतं.

मी अजूनही चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी एवढं कसं बोलले, ह्याचा धक्का इतरांपेक्षा मला जास्त आहे. पण शेडमध्ये माझं वाक्य टिकून राहिलंय. कोणाची गाडी स्टार्ट होत नसेल आणि ह्यांच्या हाताने झाली की भाई दुकानातून ओरडतात, "भाभी, जिवंत झाला!" आणि संध्याकाळी उशीर झाला की दिरांचा फोन येतो. तो जाऊ उचलते, पण ते तिला सांगतात की वयनीला दे. मी फोन कानाला लावते. ते म्हणतात, "वयनी, नागोठण्याला ट्रॅफिक हाय. बाद नाय झालो, येतोय."

मी म्हणते, "व्हय."